आधी जोडणी, मग तपासणी

विद्यानगरच्या आमच्या घरात देवघराच्या खालोखाल मान होता तो बैठकीत टेबलाखाली घरघरत बसलेल्या संगणकाला. त्याला कधीही बंद करायचं नाही, असा माझ्या धाकट्या भावाचा हुकूम होता. हुकूम सोडला आणि तो अमेरिकेला निघून गेला. बाजार खुला झाल्यापासून हैदराबादेत ज्याला चार ओळींचा प्रोग्राम लिहिता येत होता, तो अमेरिकेच्या वाटेला लागला होता. मी अमीरपेटच्या एका संगणकाच्या वर्गात अशाच पोरांना शिकवत होते. लोकांना विमानात बसवून द्यायचं आणि आपण सिटी बसने घरी यायचं, असा माझा धंदा. माझी जीभ तिखट आहे असं नातेवाईक म्हणतात. ती त्या बसमध्येच तिखट झाली असावी.

त्या संगणकात आवाज होते. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, जमवलेले.

अप्पा जामबागेतल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. आयुष्यभर त्यांनी एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे इथल्या मराठी मुलांच्या तोंडातून हैदराबाद काढून टाकणं. कुणी पेरूला जाम म्हटलं की ते म्हणायचे, पेरू. कुणी दस्ती म्हटलं की रुमाल. 'परवा'वर तर त्यांचा विशेष राग. इथल्या बोलण्यात गेलेला कुठलाही दिवस परवा असतो. नातवंडं झालेल्या बाईचं लग्नसुद्धा परवाच झालेलं असतं. अप्पा विचारायचे, "परवा म्हणजे नक्की कोणत्या वारी?" पोरं गप्प बसायची. घरी मी आणि भाऊही गप्प बसायचो. आम्हाला येते ती मराठी पुस्तकातली, धुऊन इस्त्री केलेली.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता शुद्ध करायला काही उरलंच नाही. त्यांचे जुने विद्यार्थी भेटायला यायचे, वाकून नमस्कार करायचे आणि मुलांशी इंग्रजीत नाहीतर तेलुगूत बोलायचे. मुलांना मराठी पाटीही धड वाचता येत नव्हती. अप्पांना ते पाहवेना. मग त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला आणि गौळीगुडा, काचीगुडा, शालिबंडा अशी म्हाताऱ्या माणसांची घरं शोधत फिरायला लागले. ज्या बोलीवर त्यांनी लाल शाई ओतली, ती आता ते वाटीवाटीने वेचून आणत होते. "हे प्रायश्चित्त आहे माझं," ते मला सरळ म्हणाले. "ते तरी नीट होऊ दे."

हैदराबादच्या उन्हाळ्यात कॅसेट टिकत नाहीत. फिती चिकटायला लागल्या तेव्हा भावाने सगळं संगणकात उतरवायचं ठरवलं. एवढं मावेल अशी एक डिस्क आम्हाला झेपणारी नव्हती. म्हणून त्याने दोन जुन्या डिस्क मिळवल्या आणि एकीच्या शेपटाला दुसरी जोडून लिनक्स नावाच्या प्रणालीकडून त्यांची एक लांब डिस्क करून घेतली. तिला नाव दिलं 'आवाज'. पहिली भरली की पुढचं आपोआप दुसरीवर जायचं. सीडीवर दुसरी प्रत काढून ठेवू या, असं मी म्हणत होते. "करतो ना ताई, पुढच्या खेपेला," तो म्हणायचा. त्याचं सगळं पुढच्या खेपेला असायचं.

कॅसेट कुठल्या क्रमाने उतरवायच्या ते अप्पांनी ठरवलं, आणि पंगतीत पाटावर बसवावं तसं मानाने ठरवलं. आधी वकील. मग सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले मोठे अधिकारी, प्राध्यापक, हेडमास्तर. मग त्यांच्या बायका. आणि सगळ्यांत शेवटी लग्नघरी स्वयंपाक करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, बेगम बाजारात मिरच्या निवडायला जाणाऱ्या बाया. मी म्हटलं, "अप्पा, वकिलांची मराठी तुमच्यासारखीच आहे. ती कशाला हवी आधी?"

"अगं, त्यांना वाईट वाटेल."

त्यातले निम्मे वकील तोवर वारले होते.

या बायांमध्ये गौळीगुड्याच्या एक मावशी होत्या. नात्यातल्या नव्हेत, गावाच्या मावशी. पन्नास पंगतींचा स्वयंपाक उभ्याने करणारी बाई. त्यांच्या बोलण्यात मराठी, दख्खनी आणि तेलुगू असं काही एकमेकांत मुरलेलं होतं की अप्पांना एकेका वाक्यापाशी थांबावंसं वाटायचं. त्या बोलल्या तास-दीड तास, आणि अप्पा पाणीसुद्धा न पिता ऐकत राहिले. घरी येऊन मला म्हणाले, "माझ्या शाळेत असती तर मी हिला नापास केलं असतं." आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. त्या वर्षीच मावशी गेल्या.

सगळं उतरवून झाल्यावर कॅसेटचं काय करायचं हा प्रश्न आला. चांगली वस्तू टाकून देणं आमच्या घराण्यात आजवर कुणाला जमलेलं नाही. शेजारच्या काकू भजनी मंडळ चालवायच्या. त्यांनीच दारातून विचारलं, "कॅसेटा तुम्हाला नक्को असतील तर द्या ना मास्तर. आमचे भजनं भरून घेतो." अप्पांनी खोकंच उचलून दिलं. काकूंच्या तोंडचा 'नक्को' ऐकून ते हसले देखील. पूर्वी हसले नसते.

आता भावाच्या हुकुमाचं कारण. संगणक सुरू होताना कामं ठरलेल्या क्रमाने होतात: डिस्क ओळखायच्या, तपासायच्या, मग वापरायला खुल्या करायच्या. भावाने त्यात दोन डिस्क जोडण्याची ओळ घातली ती सगळ्यात शेवटी, कारण तिथे ती घालणं सोपं होतं. वरातीमागून घोडं. मशीन सुरू करायची वेळ आली की तो स्वतः समोर बसायचा, मध्येच थांबवून हाताने जोडणी करायचा आणि पुढे जायचा. क्रम दुरुस्त कर असं मी सांगितलं, तेव्हा म्हणाला, "बंदच करू नका ना, मग प्रश्नच येत नाही." लाइट गेली तर म्हणून इन्व्हर्टर बसवून दिला. सगळा विचार केला होता त्याने. खंडेनवमीचा केला नव्हता.

खंडेनवमीला इथे जे जे चालतं ते थांबतं आणि त्याची पूजा होते. रिक्षा, शिलाई मशीन, वाण्याचा तराजू, सगळ्यांना झेंडूची माळ. रस्त्यावर कोहळे फुटलेले असतात आणि जपून चालावं लागतं. आमच्या संगणकाच्या वर्गातही मोठी पूजा होती आणि मला तिथे हजर राहणं भाग होतं. घरी आले तर बैठकीत काहीतरी वेगळं वाटत होतं. घरघर नव्हती. संगणकाच्या डोक्यावर हळदकुंकू, समोर रांगोळी, शेजारी अप्पांची पेनं आणि शब्दकोश.

"अप्पा, हे बंद का केलंत?"

"आज हत्यार चालवत नाहीत, बाळ. वर्षभर राबलंय बिचारं. एक दिवस निजू दे."

"बंद केलं कसं पण?"

"मागे बटण होतं की."

मी कपाळावर हात मारला. पण पूजेच्या दिवशी वडिलांवर काय ओरडायचं? "उद्या मी काचीगुड्याहून परत येईपर्यंत हात लावू नका," एवढं मात्र बजावून सांगितलं. दसऱ्याला मला आत्याकडे जायचंच होतं. इथे आपट्याच्या जोडीला जम्मीची, म्हणजे शमीची, पानं द्यायची असतात, आणि आत्या दारातच वाट पाहत बसायची.

अप्पा थांबले नाहीत. दसऱ्याला हत्यार उचलायचं ते विजयमुहूर्तावर, आणि मुहूर्त काही लेकीसाठी थांबत नाही. मावशींचा आवाज ऐकून सीमोल्लंघन करावं असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी बटण दाबलं. यंत्र थोडं चाललं आणि इंग्रजी ओळी दाखवून अडून बसलं. अप्पांनी अमेरिकेला फोन लावला. भाऊ झोपेतून उठला. काय टाइप करायचं ते त्याने अक्षर अक्षर सांगितलं. यंत्राने पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की काहीतरी मोठी गफलत दिसते आहे, थांबवू का?

"नाही म्हणा," भाऊ म्हणाला. "पुढे जे जे विचारेल त्याला वाय दाबा. वाय म्हणजे होय. सगळ्याला होय." आणि फोन ठेवून झोपला. दोन डिस्क अजून जोडलेल्याच नाहीत, हे त्याच्या झोपेत राहून गेलं.

मी पानं वाटून आले तेव्हा अप्पा टेबलापाशी ताठ बसले होते. उजव्या हाताचं बोट त्यांनी डाव्या हातात धरलं होतं. "झालं बघ," ते म्हणाले. "दुपारभर प्रश्न विचारत होतं. पुसू का, पुसू का. एकही प्रश्न सोडला नाही मी."

मी पडद्यावर पाहिलं. 'आवाज' नावाने यंत्राने जी डिस्क उघडली होती ती एकटी पहिलीच होती. मी मशीन नीट बंद केलं. आता याला कुणीही हात लावायचा नाही, अगदी ब्रह्मदेव आला तरी, असं सांगितलं.

मग रोज वर्गावरून आले की मी त्याच्यासमोर बसायची. सुरू होतानाच्या सगळ्या सूचना कागदावर छापून घेतल्या आणि ओळ न् ओळ वाचली. वर्गात मी पोरांना हे शिकवत होते ते पुस्तकातून. इथे घरातलं माणूस ऑपरेशनच्या टेबलावर होतं. हळूहळू सगळं दिसत गेलं. नाव लिहिलेलं होतं पहिल्या डिस्कच्या सुरुवातीला. जोडणी शेवटी, त्यामुळे तपासणीच्या वेळी यंत्राला नाव सापडलं ते पहिल्या डिस्कवर, आणि तिलाच ते पूर्ण समजलं. त्यात दुसरी डिस्क जोडलेली होती संगणकात नंतर खोचलेल्या एका वेगळ्या कार्डावर, आणि त्या कार्डाची ओळख त्याहून उशिरा. आधी कळस मग पाया, अगदी तसं. मी भावाला शिव्या घालत सगळं उलटं फिरवलं. आधी कार्ड ओळखायचं. मग दोन्ही डिस्क हजर आहेत का ते पाहायचं, नसतील तर थांबायचं, एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. मग जोडायचं. मगच तपासायचं आणि शेवटी उघडायचं. नाव पाहून डिस्क घ्यायची नाही, जोडलेलीच घ्यायची.

ज्या दिवशी ते पहिल्यांदा बरोबर क्रमाने सुरू झालं, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडले. दोन्ही डिस्क जोडल्या गेल्या. तपासणी झाली आणि यंत्राने लिहिलं, सगळं स्वच्छ आहे. मी आतली यादी उघडली. सगळी नावं होती. वकिलांपासून मावशींपर्यंत एकूण एक, प्रत्येकापुढे त्याची लांबी, जशीच्या तशी. पहिलं नाव लावलं. एक वकीलसाहेब खाकरले आणि शुद्ध मराठीत निजामाच्या काळातल्या न्यायव्यवस्थेबद्दल बोलू लागले. दुसरं लावलं, तिसरं लावलं. अप्पांनी देवापुढे साखर ठेवली.

भावाला मी नव्या क्रमाची फाइल पाठवली. त्याचं उत्तर आलं, "ताई, मस्त! आता काही चिंता नाही."

कोजागिरीनंतर शेजारच्या काकू आल्या. कॅसेट चिकटायला लागल्या होत्या. "आमचे भजनंबी घाला की मास्तर त्या मशीनमधी. जागा हाय का?" अप्पांनी पाहिलं. जागा हाय म्हणजे काय, भरपूर होती. "निम्मी रिकामीच आहे," ते मला कौतुकाने म्हणाले, "तुझ्या दुरुस्तीनंतर केवढी जागा झाली बघ." मी बसच्या दगदगीने दमून आले होते, मी हूं म्हटलं. अप्पांनी काकूंचं एक खोकं घेतलं आणि सावकाश, एकेक कॅसेट करत, सगळी भजनं उतरवली. खोकं आमचंच होतं. कॅसेट आमच्याच होत्या.

कार्तिकात एका दुपारी अप्पांनी मावशींचं नाव लावलं. मी शेजारीच वर्गाचे पेपर तपासत होते. काही ऐकू आलं नाही. आवाज वाढवला. वायरी काढून पुन्हा लावल्या. पडद्यावरचा काटा पुढे सरकत होता, वेळ जात होता, आणि आतून काहीही येत नव्हतं. खरखरसुद्धा नाही. मी पुढचं नाव लावलं, पापडवाल्या बाईंचं. तिथेही काही नाही. मागे मागे येत एकेक लावत गेले. एका हेडमास्तरांच्या मधल्या वाक्यापासून पुढे सगळं गप्प होतं. त्यांच्या अलीकडचे सगळे मानकरी खणखणीत बोलत होते.

तेव्हा मला कळलं की त्या दुपारी यंत्र काय विचारत होतं. पुस्तकाचा अर्धा भाग हातात घेऊन कुणी अनुक्रमणिका तपासली, तर पुढच्या अर्ध्यातली पानं कुठे आहेत असं त्याला वाटणारच. अशी पानं नाहीतच, मग हा उल्लेख पुसू का? अप्पा म्हणाले, होय. नावं राहिली, लांबी राहिली, आणि कोण कुठे ठेवलंय त्याचा पत्ता तेवढा गेला. तरीही दुसऱ्या डिस्कवर ते आवाज होतेच, बेवारस, रिकाम्या समजल्या गेलेल्या जागेत. खणून काढता आले असते. मी खणायला बसले आणि मला टाळ ऐकू आले. टाळ, मृदंग, काकूंचा वरचा सूर. जिथे जिथे हात घालावा तिथे भजन. काकूंनी निम्म्याच कॅसेट भरल्या होत्या, आणि त्या निम्म्या जागेत त्या अगदी मापात बसल्या होत्या.

माझ्या आयुष्यात मी इतकी हताश कधी झाले नाही. कुणावर राग काढावा तेही कळेना. काकूंनी काय केलं होतं? गायल्या होत्या. अप्पांनी? सांगितलं तसं केलं होतं, मान राखला होता, वस्तू वाया जाऊ दिली नव्हती. जे चांगलं म्हणून आम्हाला शिकवलं गेलं तेच सगळं त्यांनी केलं होतं. राहता राहिला भाऊ. मी फोनकडे गेले. अप्पांनी माझा हात धरला.

"त्याला सांगू नकोस."

"का नाही सांगायचं? त्याच्यामुळे झालंय हे. झोप महत्त्वाची होती त्याला!"

"तो तिकडे एकटा आहे गं. जन्मभर टोचत राहील त्याला."

"आणि तुम्हाला?"

"मला टोचायलाच हवं," अप्पा म्हणाले. "मी कुणाला शेवटी बसवलं ते बघ ना."

मी फोनपासून मागे फिरले. मी आजवर भावाला सांगितलेलं नाही. दसऱ्याला त्याचा फोन आला की तो विचारायचा, "मशीन बरोबर सुरू होतंय ना?" आणि मी म्हणायची, होतंय. खोटं नव्हतं ते. इतक्या शिस्तीने सुरू होणारा दुसरा संगणक साऱ्या विद्यानगरात नसेल. आधी कार्ड, मग जोडणी, मग तपासणी. सगळं स्वच्छ.

अप्पांनी आठवेल तसं लिहून काढायचा प्रयत्न केला. मावशी काय म्हणाल्या ते त्यांना सगळं आठवत होतं: कुठल्या लग्नात वांग्याची भाजी करपली, रझाकारांच्या दिवसांत चूल कशी झाकून पेटवायचे. पण लिहिताना ते सगळं त्यांच्या मराठीत उतरायचं. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी. दोन पानं लिहून त्यांनी मला दाखवली. मी वाचली. एका लाल खुणेचीही गरज नव्हती. त्यांनी ती पानं फाडली आणि पुन्हा लिहायला बसले नाहीत.

एका रविवारी मी बाजारातून आले तर अप्पा कानाला हेडफोन लावून बसले होते. डोळे मिटलेले, हात मांडीवर. मला आशा वाटली, काही सापडलं की काय. मी पडद्यावर पाहिलं. मावशींचं नाव लागलं होतं. काटा निम्म्याच्या पुढे गेला होता.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. "अप्पा, यात काही नाहीये. उठा, जेवून घ्या."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "माहीत आहे," ते म्हणाले. "पण त्या बोलत होत्या तेव्हा मी मध्येच उठलो नव्हतो."